धरणें आणि सोडणें

मराठींत राग येतो, परंतु अबोला धरावा लागतो. हा भेद व्याकरणाच्या पुस्तकांत कोठें नोंदलेला मला आढळला नाहीं. तरी आपण सर्वजण तो लहानपणापासून अचूक पाळीत आलों आहों. राग ‘आला’ असें म्हणतांना आपण स्वतःस त्याचा कर्ता समजत नाहीं. पाऊस येतो, शिंक येते, तसा राग येतो. आला तेव्हां आला. पण डूख, हट्ट, अढी, अबोला यांच्या बाबतींत भाषा आपल्याला ही सवलत देत नाहीं. त्या गोष्टी आपण ‘धरतों’. धरणारा कोणी तरी असतो आणि त्यानें मूठ सैल केली तर धरलेलें सुटेल, हें त्या एका क्रियापदांतच गृहीत आहे. मग प्रत्यक्षांत तें सुटत कां नाहीं? ज्या कारणानें राग आला तें कारण कधींच नाहींसें झालेलें असतें, ज्या वस्तूसाठीं भांडण झालें ती वस्तु कोणाचीच राहिलेली नसते, आणि तरीही दोन शहाणीं माणसें एकमेकांशीं वर्षानुवर्षें बोलत नाहींत. अशा वेळीं दोष कोणाचा आणि तो नेमका कोठें शोधावा, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाकडे माझें लक्ष ज्या वस्तूमुळें नव्यानें वळलें, ती वस्तु नीतिशास्त्राच्या चर्चेंत आणल्याबद्दल वाचक मला हंसतील. ती वस्तु म्हणजे पिनबॉलचें एक जुनें यंत्र. 2023 च्या उन्हाळ्यांत मी शिकागोच्या एका उपनगरांत माझ्या पुतण्याकडे पांच आठवडे होतों. हा माझ्या वडील बंधूंचा मुलगा. बंधूंचें व माझें त्या वेळीं नऊ वर्षें बोलणें नव्हतें. पण पुतण्यानें त्या गोष्टीची सावली आपल्या वागण्यावर कधीं पडूं दिली नाहीं, आणि मीही ती काढली नाहीं. त्यानें आपल्या घराच्या तळघरांत 1970 नंतरच्या दशकांतलें एक यंत्र हौसेनें विकत घेऊन ठेविलें होतें.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करतों. चार पायांवर उभी, किंचित् उतरती अशी एक लांबट पेटी, वर कांच, आंत एक पोलादी गोळी. स्प्रिंगच्या दट्ट्यानें ती गोळी वरच्या टोकास धाडावयाची. उतारावरून खालीं येतांना ती ठोकळ्यांवर, रबरी कड्यांवर, कमानींवर आपटत येते, आणि ज्यावर आपटेल त्याप्रमाणें समोरच्या उभ्या फळीवरील आकड्यांचीं चाकें फिरून गुण मोजले जातात. खालच्या टोकाशीं वल्ह्यासारख्या दोन लहान पट्ट्या असतात; त्यांस फ्लिपर म्हणतात. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या कळा दाबून या पट्ट्यांनीं गोळी पुन्हां वर टोलवावयाची. चुकली तर ती खालच्या भोंकांत जाते व डाव संपतो.

या खेळाची कुळकथा मोठी मौजेची आहे. त्याचा पूर्वज बॅगाटेल. माँटेग्यू रेडग्रेव्ह नांवाच्या गृहस्थांनीं त्यांत स्प्रिंगच्या दट्ट्याची सुधारणा करून 1871 मध्यें अमेरिकेंत पेटंट घेतलें. 1931 मध्यें डेव्हिड गॉटलीब यांनीं शिकागोंत ‘बॅफल बॉल’ काढला व मंदीच्या त्या दिवसांत तो भराभर खपला. 1933 मध्यें हॅरी विल्यम्स यांच्या ‘काँटॅक्ट’ या यंत्रांत वीज खेळूं लागली. परंतु फ्लिपर अवतरले ते 1947 मध्यें, ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर. तोंपर्यंत खेळणाऱ्याच्या हातीं गोळी सोडणें आणि पेटीला हळूच धक्के देणें याखेरीज फारसें कांहीं नव्हतें. म्हणूनच 1942 मध्यें न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनीं हा जुगार ठरवून बंद केला आणि यंत्रें घणांनीं फोडविलीं. ती बंदी 1976 पर्यंत टिकली. त्या वर्षीं रॉजर शार्प यांनीं नगरसभेच्या सभासदांपुढें, गोळी कोठून जाईल हें आधीं सांगून ती तेथूनच नेऊन दाखविली. दैव किती आणि कर्तृत्व किती, हा वाद अशा रीतीनें एका खेळण्यावरून चौतीस वर्षें चालला. ‘येणें’ आणि ‘धरणें’ यांतला वाद तरी दुसरा कोणता आहे?

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. एके दिवशीं संध्याकाळीं पुतण्या खेळत असतां गोळी एका ठोकळ्यावर आपटली, दहा गुणांचें चाक एकदां कुरकुरलें, आणि तेथेंच थांबून पेटीच्या पोटांतून एक अखंड गुणगुण ऐकूं येऊं लागली. गोळी खालीं येऊन भोंकांत गेली तरी गुणगुण चालूच. थोड्या वेळानें तापलेल्या व्हार्निशाचा वास आला तेव्हां त्यानें घाईनें वीज बंद केली.

आम्हीं फळी उघडली. त्या काळच्या यंत्रांत आजच्यासारखे इलेक्ट्रॉनिक भाग नसत. सारा कारभार तारांचे जुडगे, स्विचांच्या पातळ पट्ट्या आणि रिले यांवर चाले. रिले म्हणजे लोखंडी गाभ्याभोंवतीं तार गुंडाळून केलेली एक कॉइल व तिच्यासमोर एक लोखंडी पट्टी. तारेंतून वीज गेली कीं गाभा लोहचुंबक होऊन पट्टीला ओढतो, आणि तिच्याबरोबर कांहीं स्विच जुळतात, कांहीं अलग होतात. वीज थांबली कीं स्प्रिंग त्या पट्टीला मागें नेते. दहा गुणांचा रिले ओढलेल्या स्थितींत राहून गुणगुणत होता, हें मागाहून वीज चालू करून पाहिल्यावर दिसलें. मीं बोटानें पट्टी मागें लोटली, ती सुटली. पुतण्यानें चार गोळ्या खेळून पाहिल्या आणि पांचवीला रिले पुन्हां अडकला. “रिले म्हातारा झाला आहे, बदलून टाक,” असा निर्णय मीं दिला. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यामुळें निर्णय देण्याची मला संवय आहे. पुतण्या म्हणाला, “काका, आधीं स्विच पुसून पाहूं.” पुसून पाहिले, कांहीं फरक नाहीं. तें करतांना मात्र एक गोष्ट दिसली. जेथें दहा अँपियरचा फ्यूज असावयास पाहिजे तेथें पूर्वीच्या कोणा धन्यानें वीसचा बसविला होता. म्हणजे हा रोग जुना होता. फ्यूज वारंवार जळून तक्रार करीत असला पाहिजे, आणि त्या माणसानें तक्रारीचें कारण न शोधतां तक्रार करणाऱ्याचें तोंड बंद केलें होतें. तो तसाच राहता तर एके दिवशीं आंतल्या तारांनींच पेट घेतला असता.

शेवटीं पुतण्यानें शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस बोलाविलें. त्यांचें सारें आयुष्य त्या शहरांतील दारूच्या गुत्त्यांतून व खेळघरांतून अशीं यंत्रें दुरुस्त करण्यांत गेलें होतें. ते आले ते एक लहान विजेरी, एक चिमटा आणि जाड कागदाची एक पट्टी घेऊन. भिंतींतली वीज यंत्रांत ज्या बाजूस येते तिकडे हात नेऊं नका, एवढी ताकीद त्यांनीं आम्हांस प्रथम दिली. मग त्यांनीं बोटानें ठोकळा दाबून रिले अडकवून दाखविण्यास सांगितलें, आणि तो अडकल्यावर त्याला स्पर्शही न करतां यंत्राची वीज बंद केली. पट्टी तत्काळ मागें आली. “हा अडकलेला नाहीं,” ते म्हणाले. मला तें विधान चमत्कारिक वाटलें. पण त्यामागें विचार होता. वीज तोडल्यावरही पट्टी सुटली नसती तर एक तर ती घाणीनें चिकटली आहे, किंवा लोखंडांत थोडें चुंबकत्व उरून राहिलें आहे, असें मानावें लागलें असतें. या उरलेल्या चुंबकत्वावर उपाय म्हणून कांहीं रिलेंत पट्टी व गाभा यांच्या मध्यें पितळेसारख्या धातूचा लहानसा तुकडा ठेवतात. दोहोंची पूर्ण गांठ कधींच पडूं नये, म्हणजे वेळ येतांच तीं विलग होऊं शकतील. येथें पट्टी लगेच सुटली, म्हणजे तिच्यांत कांहीं दोष नव्हता. कोठून तरी वीज येत होती म्हणून ती धरून बसली होती.

मग ती वीज कोठून येते याचा शोध सुरू झाला. त्यासाठीं या रचनेंतली एक युक्ति सांगितली पाहिजे. गोळी ठोकळ्याला लागते तो क्षण फार अल्प असतो. तेवढ्यांत आकड्यांचें जड चाक फिरणें शक्य नाहीं. म्हणून गोळीचा स्पर्श प्रथम रिलेला जागा करतो, आणि जागा झालेला रिले आपल्याच एका स्विचमार्फत स्वतःला वीज पुरवूं लागतो. गोळी निघून गेली तरी तो स्वतःच्या बळावर धरून राहतो, व त्या अवकाशांत चाकाच्या कॉइलला वीज देतो. चाकाचा दट्ट्या ओढला जाऊन शेवटच्या टोकास पोहोंचला म्हणजे तेथला एक लहान स्विच उघडतो. रिलेची स्वतःला धरून ठेवण्याची वाट याच स्विचांतून गेलेली असते. ती तुटली कीं रिले सुटतो. ‘काम झालें’ हा निरोप त्याला असा पोहोंचतो.

त्या गृहस्थांनीं पुन्हां वीज चालू केली, रिले अडकविला, आणि ठोकळ्याच्या स्विचमध्यें कागदाची पट्टी सरकविली. रिले सुटला नाहीं. म्हणजे गोळीच्या स्पर्शाचा आतां कांहीं संबंध उरला नव्हता. मग तीच पट्टी रिलेच्या स्वतःला धरणाऱ्या स्विचमध्यें घातली. रिले तत्क्षणीं सुटला. आतां प्रश्न एवढाच राहिला कीं चाकापाशींचा शेवटचा स्विच कां उघडत नाहीं. वीज बंद करून त्यांनीं चाकाचा दट्ट्या बोटानें हळू ओढून पाहिला. तो शेवटच्या टोकाच्या केंसभर अलीकडे थांबत होता. फार वर्षांपूर्वीं कोणी तरी त्यांत तेल घातलें होतें. त्या तेलावर धूळ बसून त्याची राळेसारखी घट्ट पुटें झालीं होतीं. तेथें तेल घालावयाचें नसतेंच. घालणारानें यंत्राच्या कळवळ्यानें घातलें असेल; पण तें तेलच आतां गतीस आड येत होतें. दट्ट्या काढून स्पिरिटानें पुसला, कोरडा केला, स्विचची पट्टी चिमट्यानें किंचित् वांकविली, फ्यूज दहाचा बसविला. सर्व मिळून वीस मिनिटेंही लागलीं नसतील. मग ठोकळा दाबला: टक्, आणि आकडा पुढें. गुणगुण नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप उशिरा लागली. मीं ज्याला अडकलेला म्हणून दोष दिला तो रिले आपलें काम चोख करीत होता. त्याला काम झाल्याचा निरोप मिळाला नव्हता, एवढेंच. गुणगुण एके ठिकाणीं, वास दुसऱ्या ठिकाणीं आणि व्याधि तिसऱ्याच ठिकाणीं. आपण दोष देतों तो बहुधा गुणगुण जेथून येते त्या जागेला.

मनुष्याच्या रागाची रचना मला याहून फार निराळी वाटत नाहीं. एखादा शब्द लागतो तो क्षणभरच. त्या क्षणाच्या बळावर मनांतला आकडा फिरत नाहीं. म्हणून मन तो स्पर्श धरून ठेवतें आणि स्वतःच स्वतःला पुरवठा करूं लागतें. बिशप बटलर यानें 1726 मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवचनांत आकस्मिक क्रोध आणि विचारपूर्वक धरलेला रोष असा भेद केला आहे, व दुसऱ्यालाही त्यानें सरसकट पाप ठरविलें नाहीं. अन्यायाचा प्रतिकार व्हावा म्हणून तो मनुष्याला मिळाला आहे. दोष त्याच्या दुरुपयोगांत आहे, असें त्याचें म्हणणें. हें मला पटतें. धरून ठेवणारा रिले नसता तर गोळी लागून जाती आणि चाकावर एकही गुण न पडता. जो माणूस अपमान होतांच क्षमा करून मोकळा होतो, त्याची आपण स्तुति करतों. पण त्याच्या ठिकाणीं पुष्कळदां क्षमा नसून केवळ अधुरी जोडणी असते. विशेषतः दुबळ्यांना, आश्रितांना, घरांतल्या सुनांना ‘सोडून द्या’ असा उपदेश करणारे लोक चाकावर आकडा पडण्यापूर्वींच रिले सोडावयास सांगत असतात. झालेल्या अन्यायाची नोंद होणें, तो ज्यानें केला त्याला तो कळणें, आणि शक्य तेवढी भरपाई होणें हें रागाचें काम आहे. तें होण्यापूर्वीं राग सुटणें हाही बिघाडच होय.

पण काम झाल्यावरही जो सुटत नाहीं त्याचें काय? ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या भागांत रागीट माणसांचे प्रकार सांगतांना एक मार्मिक निरीक्षण केलें आहे. शीघ्रकोपी माणसें लवकर तापतात आणि लवकर निवतात, कारण तीं राग बोलून टाकतात. कडवट माणसें मात्र तो आंत दाबतात; तो बाहेर दिसत नसल्यामुळें त्यांची समजूत घालावयासही कोणी जात नाहीं, आणि एकट्यानें आपल्या पोटांत राग जिरविण्यास फार काळ लागतो. म्हणजे त्या तत्त्ववेत्त्यालाही दिसलें होतें कीं सुटण्यासाठीं बाहेरून एक निरोप यावा लागतो, आणि तो येण्याची वाट कडवट माणूस स्वतःच बुजवून टाकतो.

आपल्याकडे वैशेषिकांनीं ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार मानले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचतांना मला विद्यार्थिदशेंत या वर्गीकरणाचें नवल वाटे. सुटलेल्या बाणाची गति, मनांतली आठवण, आणि वांकवून सोडलेली फांदी पूर्वस्थितीस जाते ती शक्ति, या तिहींना एका नांवाखालीं कां घालावें? त्या यंत्रापुढें उभा असतां तें नवल थोडें कमी झालें. गोळीला वेग हवा, रिलेला झालेला स्पर्श लक्षांत ठेवण्याची शक्ति हवी, आणि त्याच्या पट्टीला मागें नेणारी स्प्रिंगही हवी. यंत्रांतली स्मृति आणि मनांतली स्मृति एक नव्हेत, हें मी जाणतों. न्यायशास्त्राचे पंडित मला येथें धरतील. पण धारण करणें आणि पूर्वस्थितीस येणें या दोन्ही गोष्टी वस्तूवर घडलेल्या संस्काराच्याच आहेत, एक गुण आणि दुसरा गुणाचा अभाव असें नव्हे, एवढें त्या वर्गीकरणांत खचित आहे. सोडणें म्हणजे नुसतें न धरणें नव्हे. तीही एक शक्ति आहे, आणि तिचीही निगा राखावी लागते.

कोणी म्हणेल, यंत्राचा निरोप यंत्र देतें. माणसांत ज्यानें दुखविलें तो निरोप देतोच असें नाहीं. तो चूक कबूल करीत नाहीं, किंवा तो हयातच नसतो. मग काय जन्मभर गुणगुणत राहावें? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि येथें यंत्राचा दृष्टान्त संपतो. रिले आपला स्विच आपण उघडूं शकत नाहीं. मनुष्य उघडूं शकतो. जें काम होणें आतां शक्यच नाहीं, त्याची वाट पाहणें सोडण्याचा निर्णय त्याला घेतां येतो. मात्र तो निर्णय आणि वीज तोडून टाकणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. संबंधच तोडले कीं राग शांत होतो, हें खरें. यंत्र बंद केलें कीं रिलेही सुटतोच. पण त्याला कोणी दुरुस्ती म्हणत नाहीं.

हें मी ठासून सांगतों, कारण नऊ वर्षें मीं हेंच केलें होतें. आमची आई अकरा महिने अंथरुणाला खिळून होती. दादा व वहिनी कोंकणांतल्या जुन्या घरीं तिच्याजवळ राहिलीं. मी पुण्याहून सुटींत जाई, दोन दिवस तिच्या उशाशीं बसे, आणि परत येई. ती गेल्यावर घर विकावयाचें ठरलें. किंमत ठरविण्याच्या बैठकींत मीं आलेला आंकडा कमी आहे असें म्हटलें. त्यावर चार परक्या माणसांदेखत दादा म्हणाला, “याला घराचा भाव ठाऊक आहे, आईच्या औषधांचा नाहीं.” मीं पुढें एक शब्दही बोललों नाहीं. कागदांवर सह्या झाल्या, पैसे सारखे वांटले गेले, घर घेणारानें तें पाडून नवें बांधलें. वादाची वस्तूच उरली नाहीं. पण अबोला उरला, आणि त्याचें सारें ओझें मी दादाच्या स्वभावावर टाकीत आलों: तो हट्टी, तो मनांत धरणारा, त्यानें माफी मागावी. तें वाक्य मीं किती वेळां मनांत उच्चारलें असेल त्याची गणती नाहीं. प्रत्येक वेळीं तें नव्यानें लागे. त्याला वीज मीच देत होतों.

त्या रात्रीं प्रथमच मला असें वाटलें कीं या जोडणींत मी नुसता रिले नसेन. दादाच्याही मनांत कांहीं तरी अकरा महिन्यांपासून धरलेलें असेल, आणि तेंही कोठल्या तरी निरोपाची वाट पाहत असेल. तो निरोप माझ्याकडून जावयाचा होता. आईची शुश्रूषा तुम्हीं केली, मीं केली नाहीं, हें साधें सत्य मीं त्याला किंवा वहिनीला एकदांही सांगितलें नव्हतें. कृतज्ञता मनांत होती. नव्हती असें नाहीं. पण ती केंसभर अलीकडे थांबत होती. मधल्या काळांत मीं पुतण्याच्या हातीं त्यांना भेटी पाठविल्या, लग्नकार्यांत पुतण्याला मोठा आहेर केला. तें मीं आतां ओळखलें: तें तेल होतें. बोलावयाचें तें न बोलतां घातलेलें तेल. त्याच्या वाक्यांत कठोरपणा होता, चार लोकांत बोलावयास नको होतें, हें मी आजही म्हणतों. पण त्यांतली दुसरी बाजू खोटी नव्हती, आणि ती खरी होती म्हणूनच मला ती इतकी वर्षें बोंचत होती.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं साडेदहाला मीं कोंकणांत दूरध्वनि लावला. तेथें सकाळचे नऊ वाजले होते. वहिनीनें घेतला, माझा आवाज ओळखून ती कांहीं बोलली नाहीं, दादाच्या हातीं दिला. मीं म्हटलें, “दादा, औषधांचा भाव मला खरेंच ठाऊक नव्हता.” बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, “तिकडे किती वाजले आतां?” मीं सांगितलें. “मग नीज. जागूं नको. आलास कीं इकडे ये.”

एवढेंच. त्यानें आपल्या वाक्याबद्दल कांहीं म्हटलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं. गणपतीला मी गेलों तेव्हां आम्हीं पावसाबद्दल व गुडघेदुखीबद्दल बोललों. नऊ वर्षें भरून आलीं असें मी म्हणत नाहीं. गेलेला काळ भरून येत नसतो, आणि आमच्या मुलांनीं त्या काळांत एकमेकांच्या घरीं घालविलेल्या सुट्या आतां कोठून आणणार? पण त्या बैठकींतलें तें वाक्य हल्लीं मनांत आपण होऊन येत नाहीं, आठवावें लागतें.

पुतण्यानें परवां कळविलें कीं दुसऱ्या एका चाकाचा रिले आतां गुणगुणूं लागला आहे. मीं त्याला उलट लिहिलें: रिलेला हात लावण्यापूर्वीं चाक शेवटपर्यंत जातें कीं नाहीं तें पाहा. हा सल्ला मला फार उशिरा मिळाला. तरुण वाचकांस तो वेळेवर मिळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.